धाकट्याचा पाय

दवाखान्यातून फोन आला तेव्हा थोरला गच्चीवर पाण्याच्या टाकीची गळती बघत होता. "तुम्ही पेशंटचे कोण?" पलीकडच्या बाईनं विचारलं, आणि "भाऊ" हा शब्द तोंडातून निघायला त्याला जरा वेळच लागला.

धाकटा पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अशाच एका पाटीवर शेवटचं अक्षर ओढताना शिडी सरकली आणि तो फरशीवर आडवा झाला. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं. ऑपरेशन करायचं तर घरचं माणूस हवं, आणि धाकट्याला घरचं असं कोणी उरलं नव्हतं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. "दादाचा नंबर आहे माझ्याकडे," तो म्हणाला होता, "पण येईल की नाही, सांगता येत नाही."

दोघं एकाच शहरात राहायचे आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. कारण धाकट्याचं लग्न. मुलगी शिवणकाम करणारी, आधीच्या नवऱ्यापासून वेगळी झालेली. थोरला तेव्हा फार ताठ होता. "घरात पाऊल ठेवायचं असेल तर एकटा ये," असं तो भावाला म्हणाला, आणि लग्नाच्या दिवशी मुद्दाम मागून घेऊन कारखान्यात जादा पाळी केली. पुढे ती बाई गेली तेव्हा तो भेटायला गेला खरा, पण उंबऱ्यापाशी उभा राहिला, मान हलवली आणि परत फिरला. त्या मान हलवण्याची त्याला स्वतःलाच लाज वाटत असे. पण लाज वाटणं वेगळं आणि फोन उचलणं वेगळं.

आता मात्र तो गेला. जाताना बायकोलाही घेऊन गेला. ती धाकट्याची वहिनी. अबोल्याच्या सगळ्या वर्षांत तिला मधे बोलायची मुभा नव्हती. तिनं वॉर्डात शिरल्या शिरल्या दिराच्या कपाळावर हात ठेवला आणि अवघडलेपणाचा निम्मा भार तिथेच उतरला.

ऑपरेशनच्या सकाळी तर हसूच झालं. जो येईल तो धाकट्याला नाव विचारी. नर्सनं विचारलं, भूल देणाऱ्यांनी विचारलं, सर्जनबाईंनी विचारलं. कोणता पाय, हेही प्रत्येकानं विचारलं. शेवटी सर्जनबाईंनी पेननं उजव्या मांडीवर बाण काढला.

"एवढा मोठा दवाखाना आणि कुणाच्या लक्षात राहत नाही होय?" थोरला पुटपुटला.

"लक्षात आहे म्हणूनच विचारतो काका," सर्जनबाई हसून म्हणाल्या. "आत गेल्यावर पुन्हा विचारणार. चुकीच्या पायाला हात लावून नंतर हळहळण्यापेक्षा हे बरं."

"विचारा हो, विचारा," धाकटा म्हणाला. "पण बाण तेवढा सरळ काढायचा होता. माझ्या धंद्याची अब्रू गेली."

थोरला हसला. खूप वर्षांनी भावाच्या विनोदाला हसला आणि हसताना त्याच्या लक्षात आलं, की भाऊ आपल्याकडे चोरून बघतोय.

ऑपरेशन नीट झालं. हाडात सळई बसली, जखम स्वच्छ राहिली, ताप आला नाही. दुसऱ्या दिवशीच व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी वॉकर देऊन त्याला पलंगाभोवती चालवलं. घरी सोडायच्या दिवशीही त्या पुन्हा येऊन गेल्या. दिवसातून थोडं थोडं चालायचं, पावलं हलवत राहायची, घट्ट मोजे काढायचे नाहीत, पोटरी सुजली किंवा दुखली तर लगेच यायचं. धाकटा औषधांच्या गुंगीत हो हो म्हणत होता. थोरला तेव्हा खाली गाडी दाराशी लावून घ्यायला गेला होता आणि वहिनी धाकट्याचे कपडे आवरत होती.

थोरल्यानं भावाला सरळ आपल्या घरी आणलं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला, स्वतः जमिनीवर गादी टाकली. जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस. काम अंगात मुरलेलं. लोखंड जोडलं की जोड गार होईपर्यंत त्याला धक्का लावायचा नाही, हे त्याला बाराखडीसारखं पाठ होतं. हाडाचंही तसंच असणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"उठायचं नाही," त्यानं धाकट्याला बजावलं. "पाणी हवं, हाक मार. कूस बदलायची, हाक मार. मी आहे."

"अहो, त्यांना चालायला सांगितलंय म्हणे," वहिनी म्हणाली. "भावोजीच म्हणत होते गाडीत."

"त्या पोरी पुस्तकातलं सांगतात. आत सळई आहे, ती हलली तर? पुन्हा कापाकापी?"

वहिनीनं धाकट्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. खरं तर एवढंच म्हणायचं होतं, की दादा, मला चालायला सांगितलंय. पण ज्या भावानं इतकी वर्षं तोंड पाहिलं नव्हतं, तो आता उशी सारखी करत होता, दाढीचं पाणी आणून देत होता, रस्त्यावरचा गोंगाट नको म्हणून खिडकी लावत होता. त्याला नको म्हणायला धाकट्याची जीभ रेटेना. उलट त्यानंच एका दुपारी म्हटलं, "हे मोजे फार काचतात रे," आणि थोरल्यानं ते लगोलग उतरवून धुवायला टाकले. गोळ्या मात्र वेळच्या वेळी दिल्या. त्यात थोरल्यानं कधी कसूर केली नाही.

ते दिवस चांगले गेले, हेच खरं दुःख. सकाळी थोरला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा आणि धाकटा त्यातल्या जाहिरातींच्या अक्षरांना नावं ठेवायचा. दुपारी पत्ते व्हायचे. धाकटा लबाडी करायचा आणि थोरल्याला ती कळायची. तो ती चालवून घ्यायचा. वहिनी आतून ऐकायची आणि तिला वाटायचं, पडला ते बरंच झालं म्हणायचं का आता?

मग धाकट्याची पोटरी दुखायला लागली.

"गोळा आल्यासारखं झालंय," तो म्हणाला. थोरल्यानं पांघरूण बाजूला केलं. उजवी पोटरी डावीपेक्षा फुगलेली होती, हाताला कोमट लागत होती.

"एका जागी पडून आखडली असणार. थांब."

त्यानं तेल कोमट करून आणलं. पलंगाच्या पायथ्याशी बसला, भावाचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्यापासून वर, घोट्यापासून वर, असा चोळू लागला. त्याचे हात राठ होते, ठिणग्यांचे जुने डाग असलेले. पण दाब असा मोजून मापून, की सुरुवातीला कण्हणारा धाकटा हळूहळू गप्प झाला.

"बरं वाटतंय?"

"दुखतंय. पण थांबू नकोस." थोड्या वेळानं धाकटा म्हणाला, "तिला तुझी भीती वाटायची, माहितेय?"

थोरल्याचा हात क्षणभर थांबला. "कुणाला?" कुणाला ते त्याला कळलं होतं.

"रस्त्यात तू दिसलास की ती पलीकडनं जायची. पण तुला शर्ट शिवायची फार हौस होती तिला. म्हणायची, तुमच्या दादाचे खांदे बघा, अशा माणसाला तयार कपडे बसत नाहीत. नुसतं लांबून बघून माप सांगायची."

थोरला खाली मान घालून चोळत राहिला. त्याच्या घशाशी एक वाक्य आलं होतं. लांबलचक नव्हतं. चुकलं माझं, मी यायला हवं होतं, एवढंच. ते नेमकं ओठावर यायच्या बेतात असताना आतून वहिनीची हाक आली, "चहा झालाय, त्यांना उठवून बसवा." थोरल्यानं हात पुसले. चहा झाल्यावर बोलू, असं त्यानं मनाशी ठरवलं. इतकी वर्षं थांबलं ते, एका चहापुरतं थांबेल.

त्यानं भावाच्या पाठीमागे हात घालून त्याला उठवलं, आणि धाकटा एकदम छाती धरून पुढे झुकला. "श्वास..." एवढंच म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम डवरला. वहिनीच्या हातातून कपबशी सुटली. थोरला त्याची पाठ चोळत "काय होतंय, अरे काय होतंय" म्हणत राहिला, आणि अँब्युलन्सला फोन करायचं भान वहिनीनंच ठेवलं.

पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला होता. रक्त पातळ करायचं औषध जोरात द्यावं तर ऑपरेशनची जखम ताजी, म्हणून तेही जपून चाललं होतं. धाकटा अतिदक्षता विभागात होता, तोंडावर मास्क, आजूबाजूला टिकटिक करणारी यंत्रं. थोरला काचेबाहेर बसून होता. बायको म्हणाली, काहीतरी खाऊन घ्या. त्यानं ऐकलं नाही.

धाकटा जरा सावरल्यावर सर्जनबाई त्याला तपासायला आल्या. थोरला पलंगाशीच उभा होता.

"घरी चालत होतात ना?" त्यांनी विचारलं.

धाकट्यानं मान हलवली. हो.

"मोजे घालत होतात?"

पुन्हा हो.

"पाय कुणी चोळला होता का? मालिश वगैरे?"

धाकट्यानं एकदाही भावाकडे न बघता मान आडवी हलवली. नाही.

चोळणं वाईट असतं, हे थोरल्याला त्या प्रश्नातूनच कळलं. आणि ते धाकट्याला आधीच उमगलं होतं, हे त्या उत्तरातून कळलं.

"मी चोळला," तो म्हणाला. "मोजे मी काढले. चालायलाही मीच दिलं नाही. तो खोटं बोलतोय."

सर्जनबाईंनी दोघांकडे पाहिलं. नर्सला त्या पायाला कोणी हात लावू नये अशी सूचना दिली आणि थोरल्याला घेऊन बाहेर आल्या. बाहेर बाकावर त्या त्याच्या शेजारी बसल्या. तो ओरडा खायच्या तयारीत होता.

"चोळल्यामुळेच गाठ सुटली, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "न चोळताही सुटते. गोळ्या चालू असूनही होते कधी कधी."

"पण चोळल्यामुळे नाही सुटली, असं सांगता येईल?"

"नाही. तेही नाही सांगता येणार."

मग त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या खोलीत आम्ही सगळे एकमेकांना दहा वेळा विचारतो. आणि घरी सोडताना गुंगीतल्या माणसाला एकदा सांगून मोकळे झालो. सांभाळणार तुम्ही होतात. तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं. हे आमच्याकडून राहिलं. मला वाईट वाटतंय."

त्यांनी मनापासून सांगितलं होतं. पण थोरल्याला त्याचा काही उपयोग झाला नाही. सांगितलं असतं तरी आपण ऐकलं असतं का, हा प्रश्न त्याला कुरतडत होता, आणि त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. बायकोनं सांगितलं होतंच की. ती मात्र "मी म्हणत होते" हे तीन शब्द त्या दिवशी बोलली नाही, आणि पुढेही कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

मास्क निघाल्यावर तो भावापाशी जाऊन बसला. धाकटा थकलेला होता, पण डोळे हसरे होते.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "मी सांभाळून घेतलं होतं."

थोरल्यानं त्याचा हात धरला. मग ते वाक्य, अर्धवटच, बाहेर पडलं. "चुकलं रे माझं."

"सोड. पायाचं काय घेऊन बसलास? मला चालायला सांगितलेलं मला नव्हतं का माहीत? आपण दोघंही गाढव."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. पायाचं नव्हे रे, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण भावानं इतक्या उदारपणे माफ करून टाकलं होतं, आणि बोलताना त्याला धाप लागली होती. नर्स म्हणाली, त्यांना आता बोलायला लावू नका. थोरला उठला. माफी मागून झाली होती, मिळूनही झाली होती, फक्त ती भलत्याच गोष्टीची होती. आता दुसरी कुठल्या तोंडानं मागायची?

धाकटा वाचला. हाडही जुळलं. फुप्फुसं मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत. शिडी चढायची नाही, ओझं उचलायचं नाही, असं ठरलं. बसून करण्याजोग्या लहान पाट्या तो अजूनही रंगवतो. दवाखान्यातून तो आधी थोरल्याकडेच आला होता; पुढे आपल्या घरी परतायचा हट्ट त्याचाच होता, आणि थोरल्यानं फार ओढून धरलं नाही, कारण दुधानं तोंड पोळलेल्या माणसासारखं त्याचं झालं होतं. धाकट्यानं उं केलं की थोरला धावत येई. "चाललास का? पावलं हलवलीस का? गोळी घेतलीस का?" असा तो दिवसभर मागे लागे. पत्ते बंद झाले. वर्तमानपत्र वाचलं जाई, पण मनातल्या मनात. पलंग उचलायच्या दिवशी वहिनी एकटीच डोळे पुसत होती.

आता थोरला आठवड्यातून एकदोनदा त्याच्याकडे जातो. दोघं संध्याकाळी फिरायला निघतात. काही वाहनं, काही माणसं, ओळीनं दुकानं. थोडं चाललं की धाकट्याला दम लागतो, पण तो तसं म्हणत नाही. तो एखाद्या दुकानापुढे उभा राहतो, मान वर करतो आणि पाटी वाचू लागतो. "कुणी केलीय बघ, मात्रा किती तिरकी," असं म्हणायचंही त्याच्या मनात असावं, पण तेवढा श्वास नसतो.

थोरला शेजारी उभा राहतो. काठीवर वाकलेल्या त्या पाठीकडे, वरखाली होणाऱ्या खांद्यांकडे त्याला बघायचं नसतं, म्हणून तोही पाटी वाचतो. वाचून झाली तरी वाचत राहतो, धाकटा "चल" म्हणेपर्यंत.