मालिकेतला खुळा कंपाउंडर

टीव्हीवर मालिका सुरू होऊन दोन महिने झाले आणि कंपाउंडरला गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. सलूनच्या खुर्चीत बसायचा अवकाश, की कात्री थांबवून न्हावी विचारायचा, "काय हो, काल पुन्हा घातलात ना घोळ?" आणि बाकावरचे सगळे खो खो हसायचे.

बरं, तक्रार तरी कुणाकडे करणार? मालिकेला सगळा मालमसाला त्यानेच पुरवला होता. ज्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्याने तीस वर्षं पुड्या बांधल्या, त्यांची भाची टीव्हीसाठी लिहायची. डॉक्टर गेले, वर्ष उलटलं, आणि भाची वही घेऊन त्याच्या दारात हजर. "काका, मामाच्या जुन्या केसेस सांगा ना." त्याने सांगितल्या. हौसेने, अगदी रंगवून रंगवून.

डॉक्टर आणि कंपाउंडर, दोघांनाही रहस्यकथांचं भारी वेड. औषधांच्या कपाटात खालच्या कप्प्यात कोपरे झिजलेली पुस्तकं असायची. पेशंट नसला की एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बाटल्या पुसत ऐकायचं. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं आणि खुनी कोण यावर कचाकचा भांडायचं. पुढे पुढे पेशंटच्या बाबतीतही तेच सुरू झालं. रोग हाच गुन्हेगार, आणि पेशंट हा अर्धं खरं, अर्धं खोटं बोलणारा साक्षीदार. माणूस दारातून आत येतो न येतो, तोच बुटांवरचा चुना बघून डॉक्टर त्याचा धंदा सांगायचे. काय दिवस होते हो ते! असे दिवस पुन्हा येत नाहीत.

पण त्या पुस्तकांची एक खोड. गोष्ट सांगणारा नेहमी गुप्तहेराचा भोळा मित्र. त्याला काही म्हणजे काही सुचत नाही, म्हणून तर गुप्तहेराची अक्कल उठून दिसते. ती रीत कंपाउंडरच्या अंगात इतकी मुरली होती, की गोष्ट सांगायला बसला की तो आपोआप भोळा व्हायचा. भाचीने तसंच उतरवून घेतलं. मग काय, पडद्यावरचा डॉक्टर रोग्याच्या घरात शिरून गाद्या उचकटतो, नातेवाइकांना वॉर्डात गोळा करून रोगाचं नाव जाहीर करतो, आणि त्याचा कंपाउंडर आ वासून म्हणतो, "अरेच्चा!"

कालच्या भागाने तर कहर केला. एका कुटुंबातले तिघेही रोज सकाळी डोकं धरून बसायचे, ओकायचे, आणि कामावर गेले की ठणठणीत. पडद्यावरचा कंपाउंडर म्हणाला, "दूध नासकं असेल." डॉक्टर त्या घरी गेला आणि खिडक्यांच्या फटींत कोंबलेले कागद त्याने टराटरा ओढून काढले. थंडीसाठी फटी बुजवल्या होत्या, आणि कोळशाच्या शेगडीचा विषारी वायू आतच कोंडत होता.

"अहो, पण ते तुम्ही शोधलं होतंत!" बायको ताडकन उठली. "औषध पोचवायला गेला होतात तेव्हा. दूधच नासकं असं म्हणत तर डॉक्टर अडून बसले होते!"

"जाऊ दे गं," तो म्हणाला, पण जेवणाचं ताट त्याने बाजूला सरकवलं. न्हाव्याचं हसणं त्याने कानाआड केलं असतं. त्याला खात होतं ते वेगळंच. त्या दिवशी त्याने खिडक्यांचं सांगितल्यावर डॉक्टरांनी शाब्बास म्हटलं नव्हतं. नुसतं "हं" केलं आणि पुढचा पेशंट बोलावला. म्हणजे त्यांनाही मी असाच वाटत होतो की काय? तीस वर्षं एका खोलीत काढली, आणि त्यांच्या लेखी मी हाच, आ वासणारा? आणि आता विचारायचं तरी कुणाला?

सकाळ होताच तो तडक भाचीच्या ऑफिसात गेला. भिंतीवर फळा होता. गुन्हेगार, संशयित, पुरावे असे रकाने, आणि शेवटी "वेंधळा". त्याच्याखाली लिहिलं होतं, "कंपाउंडर".

"पूस ते," तो म्हणाला. "खिडक्या मी बघितल्या होत्या. मी."

भाचीने खडू खाली ठेवला. "माहितीये मला."

"माहितीये? मग माझी अशी शोभा का केलीस?"

"तुम्हीच तसं सांगितलंत ना, काका! त्या केसमध्ये तुम्ही काय बोललात, असं मी तीन-तीनदा विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? दर वेळी तुमचं एकच. मी कसला बोलतोय, मी नुसता बघतच राहिलो. मला वाटलं, तुम्हाला तसंच हवंय."

"पण तुला खरं सांगितलं कुणी?"

"मामाने, आणखी कोण सांगणार? सुट्टीत आम्ही सगळी मुलं मामाकडे असायचो. तो दवाखान्यातून आला, की बूट काढायच्या आधी सुरू व्हायचा. 'आज आमच्या गुप्तहेराने काय शोधून काढलं, ऐका रे!' खिडक्यांची गोष्ट तर दहादा ऐकलीय. मला कित्येक वर्षं वाटायचं, दवाखाना तुमचाच आहे आणि मामा तुमच्या हाताखाली कामाला आहे."

कंपाउंडर मटकन खुर्चीत बसला. इतका आनंद त्याला उभ्या जन्मात झाला नव्हता, आणि त्याच्या पाठोपाठ असा काही राग आला म्हणता!

"मग मला तोंडावर सांगायला जीभ झडली होती का त्यांची?" तो ओरडला. "तीस वर्षं! तीस वर्षांत एकदा तरी!" आणि ओरडता ओरडताच तो ढसाढसा रडायला लागला.