तळ मालकाचा, पाणी सगळ्यांचं

तार मास्तरांच्या गळ्यात बसली तेव्हा त्यांची होडी खालून पुढे निघून गेली आणि मास्तर तिथेच राहिले. क्षणभर ते पाण्यावर लोंबल्यासारखे दिसले, मग पाठीवर आपटले. मागच्या होडीत ती होती. तिला आधी वाटलं, मास्तरांचा हा नवा खेळ असणार. गावातल्या निम्म्या पोरांना पोहायला शिकवलेला हा माणूस पाण्यात उतरला की स्वतःच पोर व्हायचा. मग त्यांच्याभोवतीचं पाणी लाल झालं.

तिने अंग मागे टाकलं. तार तिच्या नाकावरून सरकली. कुंपणाची तार, बारीक, दोन्ही काठांवरच्या झाडांना ताणून बांधलेली, बसलेल्या माणसाच्या बरोबर गळ्याच्या उंचीला.

“वाक! तार आहे!” ती मागे ओरडली. शेवटच्या होडीत तिचा धाकटा भाऊ होता. तो वाकला आणि वाचला.

मास्तरांना तिने खांद्याला धरून खडीच्या उथळ पट्ट्यावर ओढलं. गळ्यावर आडवी चीर पडली होती आणि श्वासागणिक तिच्यातून फेसाळ रक्त उसळत होतं. तिने अंगातलं जाकीट काढून दोन्ही हातांनी गळ्याशी दाबलं. मास्तरांचे डोळे उघडे होते. तोंड हलत होतं, आवाज नव्हता.

“काठावर पाय ठेवायचा नाही! मालकाची जागा आहे ही!”

झाडीतून राखणदार आला. हातात काठी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. ती त्याला ओळखत होती. खटला चालू असताना तो रोज मालकाच्या मागच्या बाकावर बसायचा. तो खटला तिनेच लढवला होता, तिनेच जिंकला होता. निकाल असा की नदीचा तळ आणि काठ मालकाचे, वाहतं पाणी मात्र सगळ्यांचं. होडी खुशाल न्यावी. अट एकच, मासे अंडी घालतात त्या महिन्यांत या खडीच्या पट्ट्यावरून कोणी जायचं नाही, आणि गेलं तर परवानगी सगळ्यांचीच जाईल. त्या निकालाच्या आनंदात मास्तरांनी तिला उचलून नदीत टाकलं होतं, कपड्यांसकट.

राखणदार जवळ आला, त्याने मास्तरांचा गळा पाहिला आणि त्याच्या हातातली काठी गळून पडली.

“चिंधी बांधली होती मी तारेला,” तो म्हणाला. “लाल चिंधी. लांबून दिसावी म्हणून. कुठं गेली?”

“तू बांधलीस?” भाऊ पाण्यातून बाहेर येत होता. होडी त्याने सोडून दिली होती, वल्हं सोडलं नव्हतं.

“मग काय करू? बंदी होती तेव्हा तूच आणल्यास ना होड्या इथं? खडी खरवडून काढलीत. सगळी अंडी चिरडली. ओंजळीत घेऊन मासळी खात्याच्या ऑफिसात दाखवायला गेलो, तर साहेब म्हणाले, बघू. आलं का कोणी बघायला?”

तिने भावाकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने वल्हं फिरवलं.

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर. राखणदार गुडघ्यांवर आला आणि हात वर करून काहीतरी म्हणाला. तिसरा फटका त्या हातांवर बसला, आणि बोटं मोडल्याचा आवाज तिला पाण्याच्या आवाजातूनही ऐकू आला.

“पुरे! अरे, मरेल तो!”

उठून मधे पडायचं तर गळ्यावरचे हात काढावे लागणार होते. नुसता जोर ढिला झाला की बोटांमधून रक्त वर यायचं. ती जागची हलली नाही. राखणदार खडीवर उताणा पडला आणि तिचा भाऊ त्याच्या छातीशी दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहिला. लहानपणी झुरळ मारायलाही बहिणीला हाक मारणारा तो भाऊ, लाकूड फोडावं तसं वल्हं वर नेत होता, खाली आणत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. काम हातावेगळं करायचं असावं तसा तो मन लावून मारत होता. वल्ह्याचं पातं तुटून पाण्यात गेलं तेव्हा हातातल्या दांड्याकडे पाहत तो थांबला.

राखणदाराचा एक डोळा जागेवर नव्हता.

दोघंही जगले. मास्तरांवर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, आवाज मात्र आता विसरा. राखणदाराच्या बरगड्या आणि हात जुळतील, डोळा गेला तो गेला.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा भाऊ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉरिडॉरमध्ये उभा होता.

“ताई, मिटवलंय मी,” तो हळू आवाजात म्हणाला. “तो म्हणणार, दगडावरून घसरलो. आपण म्हणायचं, मास्तरांना फांदी लागली. तारेचं नाव नाही, वल्ह्याचं नाव नाही. त्याची बायको तयार आहे. तोही तयार आहे.”

“आणि मास्तर?”

“मास्तर कुठं बोलू शकणार आहेत?”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. त्याने नजर वळवली.

“बंदीच्या दिवसांत गेला होतास?”

“मजा म्हणून गेलो होतो गं. पाणी कमी होतं, होडी घासणारच.”

ती चालायला लागली तशी त्याने तिचं मनगट पकडलं. कालचाच हात होता तो. ती थांबली.

“तू तोंड उघडलंस तर मी आत जाईन,” तो म्हणाला. “तो राखणदारही जाईल. आणि खडीचं सांगितलंस तर निकाल रद्द होईल. तुझा निकाल. एवढी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यास, त्या कशाला मग? उद्या त्या नदीत कुणाला बोटही बुडवू देणार नाही मालक.”

“हात सोड.”

“आईला काय सांगशील?”

“हात सोड आधी.”

त्याने सोडला. मनगटावर चार बोटं उमटली होती.

राखणदाराच्या खोलीत फौजदार आधीच येऊन बसला होता. जाडजूड, घामाघूम, केव्हा एकदा हे उरकतंय अशा चेहऱ्याचा माणूस. पलंगाशी राखणदाराची बायको नवऱ्याच्या पांघरुणाची कड हातात घेऊन उभी होती. भाऊ आत आला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

“घसरले हो ते,” बायको म्हणाली. “शेवाळ फार आहे तिथं. मी कितीदा सांगितलं, जपून चालत जा.”

“घसरून डोळा गेला?”

“दगडच तसे आहेत, साहेब.”

“बरं. आणि त्या मास्तरांचं?”

“फांदी होती,” भाऊ खिडकीशीच राहून म्हणाला. “पाण्यात वाकलेली.”

फौजदाराने मान डोलावली. त्याचा कशावरच विश्वास बसलेला नव्हता, आणि त्याची त्याला फारशी फिकीरही नव्हती. तो तिच्याकडे वळला.

“वकीलबाई, तुम्ही होतात ना तिथं? तुम्हीही हेच म्हणता?”

राखणदाराचा उरलेला डोळा तिच्यावर खिळला होता. ती आपल्या नखांकडे पाहत होती. तीनदा हात धुऊनही नखांच्या कडांशी तपकिरी रेघ राहिली होती. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि फौजदारासमोर बसली.

“अंडी घालायच्या महिन्यांत त्या खडीवरून जायला बंदी आहे,” ती म्हणाली. “ती माझ्या भावाने मोडली. खडी खरवडली, अंडी गेली. यांनी तक्रार केली तर कोणी फिरकलं नाही. तिथून लिहायला घ्या.”

“ताई!”

फौजदाराने खिशातून पेन काढलं. राखणदाराची बायको पांघरुणाची कड पिळत राहिली. मग पलंगावरून घोगरा आवाज आला.

“तार मी बांधली, साहेब.”

“अहो, गप्प बसा ना!” बायको त्याच्यावर वाकली.

“मालकानं सांगितलं नव्हतं. मीच बांधली.” त्याने दम घेतला. “मास्तर कसे आहेत?”

“जगले,” ती म्हणाली.

त्याने डोळा मिटला.

“पुढं?” फौजदार म्हणाला.

खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला स्वतःहून दोन शब्द बोलता यावेत, एवढी जागा तिने सोडली. खाली आवारात कुणीतरी गाडी सुरू करायला बघत होतं, इंजिन धरत नव्हतं. भाऊ तिकडेच पाहत राहिला.

“मग माझ्या भावाने वल्हं उचललं,” ती म्हणाली.