घसरलेला होकार

मित्रांनो, मी एक जुना, अंगठ्याएवढा कॅमेरा आहे. कारखान्यात मला हजारो माणसांची हलती चित्रं दाखवली. कपाळ, नाकाचा शेंडा आणि हनुवटी पकडून मान कुठे वळली ते ओळखायला मी शिकलो. मान खालीवर झाली की मला जोडलेल्या पडद्यावर 'हो' लिहायचं, डावी-उजवीकडे गेली की 'नाही'. एवढंच माझं काम.

पक्षाघाताने वाचा गेलेल्या एका शिंपीणबाईंच्या घरी मी आलो. लेकाने मला पलंगासमोर बसवून विचारलं, "आई, पाणी हवं?" मी 'हो' लिहिलं. लेकाला रडू आवरेना. शेजारीपाजारी माझं कौतुक करून गेले. मी अगदी हुरळून गेलो.

पुढे बाईंची मान अशक्त झाली. खाली नेता नेता ती बाजूला घसरायची, आणि मला घसरणंच तेवढं दिसायचं. लेकाने विचारलं, "मावशीला बोलावू का गं?" मी 'नाही' लिहिलं. दोघी बहिणींचं वाजलेलं होतं, त्यामुळे त्याला ते पटलं. तरी तो अधूनमधून विचारायचा, आणि मी तेच लिहायचो. मग बाईंनी मान हलवणंच सोडलं.

शेवटी मावशी न बोलावता आली. लेक दारातच अवघडला. "राग मानू नकोस मावशी, पण आई नको म्हणतेय."

"मग माझ्यासमोर म्हणू दे," म्हणत ती आत शिरली आणि पलंगाच्या कडेला टेकली. "ताई, बसू ना मी?"

पडद्यावर पुन्हा 'नाही'.

"अरे, मान खालीच नेतेय ती! पेलवत नाही म्हणून कलंडतेय. डोळे बघ की तिचे!"

बाईंचे डोळे घळाघळा वाहत होते. लेक आईच्या पायाशी येऊन बसला. "मी पडद्याकडेच बघत राहिलो गं, आई."

नंतर तंत्रज्ञाने बाईंच्याच मानेवरून मला नव्याने शिकवलं. आता मी फारसा चुकत नाही. पण बहिणींचे ते वाया गेलेले दिवस मला परत देता येत नाहीत, आणि ते मला डाचत राहतं.

परवा लेकाने विचारलं, "आई, माझ्यावर रागावलीस?" मी 'नाही' लिहिलं. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. आईचा चेहरा ओंजळीत धरून तो बसून राहिला.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी आला, तर त्याची काच जरूर पुसा. पण उत्तर मात्र आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर शोधा.