डाव्या दिव्यातला झेंडू

माघ उतरणीला लागला होता. कृष्णाकाठच्या रानांतून हळद उकडल्याचा उग्र, ओलसर, पिवळा वास येऊन हरिपूरच्या रस्त्यावर ठाण मांडून बसला होता. ऊन पीतवर्ण, ऊन मंदगती. चिंचांच्या सावल्या पाय पसरून निवांत पडलेल्या. सगळं गाव सुस्तावलं होतं. एकट्या कुमुदला मात्र निवांत बसवत नव्हतं.

तिच्यासमोर गाडी उभी होती. डाळिंबवर्णा, दीर्घनासिका, वयोवृद्धा. कुमुदच्या नवऱ्यानं, विश्वासरावांनी, आखातातली नोकरी सोडताना जहाजावर घालून आणलेली. हिचे दिवे चारचौघींसारखे उघडे नव्हते. बटण दाबलं की नाकावरची दोन झाकणं उचलायची, दिवे वर यायचे. काम झालं की पुन्हा मिटायचे. घरात त्यांना दिवे कुणी म्हणतच नसे. डोळेच म्हणत.

त्यातला डावा डोळा दसऱ्यापासून बिघडला होता. उजवा टुणकन उठे. डावा कण्हत, कुरकुरत अर्ध्यावर येई आणि तिथंच तिरका अडकून जमिनीकडं बघत राही. ‘बघू निवांत,’ म्हणत विश्वासरावांनी दिवस ढकलले. आणि मागच्या आठवड्यात त्यांच्या स्वतःच्याच डाव्या डोळ्याचा पडदा सुटला.

उजवा लहानपणीच गोवरानं नेलेला. भिस्त सगळी डाव्यावर. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून पडदा जागेवर बसावा म्हणून ते तिथंच पट्टी बांधून पालथे पडून होते. आज संध्याकाळी पट्टी निघणार होती. रंग ओळखता आला तर आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. नाही आला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुमुदनं विचारलं नाही.

सकाळी उशीत तोंड खुपसूनच विश्वासराव म्हणाले होते, “न्यायला आपलीच गाडी आण. आणि हे बघ, चकणी आणू नकोस.”

थट्टाच ती. पण काळजीनं पोखरलेल्या मनाला थट्टा कळते होय! कुमुदच्या मनानं गुपचूप पैज लावून टाकली. दोन्ही डोळे एका रेषेत उठले, तर ह्यांना दिसेल. नाही उठले, तर… छे, छे! असलं मनात आणू नये. आणू नये म्हटलं की तेच येतं, त्याला ती तरी काय करणार?

तिनं पदर खोचला. दिव्यांचा फ्यूज काढला, बॉनेट उचललं. फोन बॅटरीशेजारी ठेवला. त्यातून विश्वासरावांचा उशीत दबलेला आवाज येत होता.

“डोळा उचलणारी छोटी मोटर आहे बघ, तिच्या डोक्यावर रबरी टोपी आहे. काढ. खाली गोल नॉब. हातानंच फिरव. आणि बोटं सांभाळ गं.”

नॉब फिरला. थोडा फिरला, थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा थांबला. आत काहीतरी होतं. मऊ होतं, चिवट होतं, हट्टी होतं. कुमुदनं टॉर्च धरून डोकं पार आत घातलं.

अंधारात केशर सांडलं होतं. शुष्क, चुरमडलेलं, तरीही नारिंगी. झेंडूच्या पाकळ्यांचा खच, त्यात काळवंडलेल्या अक्षता, आणि मोटरच्या दांड्याला वेढे घालून, आवळून, करकचून बसलेला हाराचा दोरा.

अगं बाई! हा तर तिचाच हार.

दर खंडेनवमीला ती गाडीचे डोळे उघडायची, हळदकुंकू वाहायची, दोन्ही डोळ्यांना झेंडूचे हार घालायची. “आरशाला घाल,” विश्वासराव दरवर्षी सांगायचे. “असं कसं? देवाला डोळेच नाहीत का?” म्हणून ती दरवर्षी उडवून लावायची. वर, देवाचा हार ओरबाडू नये, सुकून आपसूक गळू द्यावा, हा तिचा नेम. हार गळत होते खरे, पण आत गळत होते. तिच्याच भक्तीनं गाडीचा डोळा बांधून घातला होता.

आणि मग तिला तो विचार आला, जो यायला नको होता. गाडीचा डावा, ह्यांचाही डावा. तोही आपल्याच हातून बांधला गेला का?

“काय गं? गप्प का झालीस?”

“काही नाही. कचरा आहे थोडा.”

कचरा! जीभ कशी रेटली, तिचं तिला ठाऊक. तिनं कात्रीचं टोक घातलं. एक वेढा सुटला. दुसरा सुटला. तिनं अक्षता वेचल्या, पाकळ्या वेचल्या, चिमटीचिमटीनं वेचल्या. घाम भुवयांवरून ओघळत राहिला. दांडा पुसून ग्रीस लावलं. नॉब आता लोण्यात फिरावा तसा फिरला.

पण डोळा अजून उजव्याहून खालीच. विश्वासराव म्हणाले, “खाली रबरी टेकू असेल, स्क्रूवर बसलेला. तो वर घे. अंदाजानं नको, भिंतीवर बघ.”

तिनं फ्यूज बसवला, गॅरेजचं दार ओढून अंधार केला, दिवे लावले. भिंतीवर दोन उजेड पडले. एक वर, एक खाली. उजव्या उजेडाच्या मध्यावर तिनं हळदीचं बोट टेकवलं आणि डावीकडं त्याच उंचीवर दुसरं. मग टेकू फिरवायचा, भिंत बघायची. टेकू फिरवायचा, भिंत बघायची. हळूहळू, अगदी हळूहळू, डावा उजेड वर चढला आणि हळदीच्या बोटावर येऊन थांबला.

तिनं दिवे मिटले, फोन बॉनेटवर धरला, बटण दाबलं. विश्वासराव ऐकत होते. इतके महिने दोन आवाज यायचे, एक आधी, एक मागून रखडत.

टप्.

“परत कर.”

टप्.

“एकच वाजला,” उशीतला आवाज भरून आला. “ये आता.”

मिरजेला पोचेपर्यंत दिवस कलला होता. खोलीचे पडदे ओढलेले, उजेड मऊ. डॉक्टरांनी पट्टीचा एकेक पदर सोडवला. विश्वासरावांची सुजरी पापणी थरथरली, थबकली, थोडी उघडली.

ते काहीच बोलले नाहीत.

डॉक्टरांनी हात हलवला. ते काहीच बोलले नाहीत. केला गं, तुझ्याच हातानं केलास घात, असं मन ओरडत होतं. न राहवून ती वाकली, पार त्यांच्या तोंडाशी.

“अहो… काही तरी बोला ना!”

ते बघत राहिले. मग त्यांचा हात उठला, चाचपडत तिच्या कानामागं गेला आणि केसांत अडकलेलं काहीतरी दोन बोटांत धरून राहिला.

“नारिंगी,” ते म्हणाले. “झेंडू आहे ना हा? कुमुद, झेंडू काय माळतेस? तू काय मोटार आहेस?”

कुमुद रडली. हसली, आणि पुन्हा रडली. हुंदक्यांतूनच तिनं सगळं सांगून टाकलं. दोरा, अक्षता, ते कचरा म्हणणं, ती पैज.

“तरी सांगत होतो, आरशाला घाल,” विश्वासराव म्हणाले, पण पाकळी त्यांनी टाकली नाही.

बाहेर सांज हळदीच्या पाण्यासारखी पसरली होती. त्यांना शेजारी बसवून, मान खाली घालायला लावून, कुमुदनं बटण दाबलं. डाळिंबी पापण्या उचलल्या, दोन्ही मिळून, एका दमात. एकच टप् वाजला. आणि पुढच्या धुळीच्या रस्त्यावर उजेड पडला, सरळ, सारखा, दूरवर.