माझ्या पोटातले कागद

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. यॉर्कशरच्या माळावरच्या एका दगडी घरात हेस्टरने मला शिवले. तिचा नवरा इनक टपालवाला होता. रोज बारा मैल चालायचा.

माझ्यासारखी गोधडी कागदावर शिवतात. कागदाचे षटकोनी तुकडे कापायचे, त्यांवर कापड दुमडून टाचायचे आणि सगळे जोडून झाले की कागद काढायचे. हेस्टरने ते काढले नाहीत. त्यांवर तिच्या कविता होत्या.

त्या कविता तिने एका मासिकाला पाठवल्या होत्या. सहा वेळा त्या परत आल्या, सोबत उत्तर, 'स्त्रीने पाळण्यावर लिहावे, फुलांवर लिहावे. असा राग तिला शोभत नाही.' ती पाकिटे इनकच घरी आणायचा.

"कुणाचं गं?" तो विचारायचा.

"कुणाचं नाही. गोधडीला कागद झाला," ती म्हणायची आणि कात्री घ्यायची.

शेजारणींनी माझे टाके वाखाणले. मी कुरकुरले की म्हणायच्या, "कागद काढायला विसरली, वेंधळी."

मार्चमध्ये हेस्टर गेली. पुढच्या सोमवारी तिची धाकटी बहीण टॅबिथा धुणे धुवायला आली. हंड्यात पाणी उकळत होते.

"दाजी, गोधडी द्या. आजारपणाचा वास येतोय." तिने मला उचलले. "अगंबाई, ताईनं कागद ठेवलेच की आत."

"थांब," इनक म्हणाला. "कागद आहे तो. भिजला की लगदा होतो. टपालवाल्याला सांगतेस?"

त्याने चाकूने माझे आस्तर थोडे उसवले. एक तुकडा काढला आणि हळूहळू मोठ्याने वाचला.

'तुमच्या कवितेत मी खिडकीत बसून वाट पाहते. मला वाट चालायची होती.'

"हे ताईनं लिहिलं?" टॅबिथा खाली बसली.

इनकने हात पँटला पुसले, मग दुसरा तुकडा काढला. तो देवळात उभा असावा तसा उभा होता.

"एकदा म्हणाली होती, मलाही न्या टपालाच्या वाटेनं," तो म्हणाला. "मी म्हटलं, लोक हसतील."

टॅबिथाने हंड्याखालचा जाळ बाहेर ओढला. सगळे कागद वाचून होईपर्यंत ती थांबली. मग ते होते तिथे ठेवून तिने आस्तर पुन्हा शिवले.

दुसऱ्या दिवशी इनकने मला खांद्यावर टाकले आणि बारा मैल नेले. एवढे मोठे आभाळ मी कधी पाहिले नव्हते. लोक हसले. तो चालत राहिला.

मित्रांनो, घरातली जुनी गोधडी पाण्यात घालण्याआधी एकदा कानाशी धरा.