रिद्धीची यादी

सामायिकात, म्हणजे रोजच्या ध्यानजपात, बसलं की चेतनाला घरातले सगळे आवाज ऐकू यायचे. एरवी दिवसभर जे कानाशी येऊन परत जातं, ते त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत नेमकं आत शिरायचं: दुधवाल्याच्या किटलीचं झाकण, सासूबाईंच्या काठीचा ठोका, मागच्या दाराची कडी. रविवारी सकाळी त्यात आणखी एक भर पडली. स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवलेला तिचा मोबाईल ‘टिंग’ करून वाजला. सामायिकात मोबाईलला हात लावायचा नसतो, म्हणून ती माळ ओढत राहिली. वाळूच्या घड्याळातली वाळू सरली, तिनं सामायिक पारलं, म्हणजे विधीनं संपवलं, तोंडावरच्या मुहपत्तीची घडी घातली आणि जाऊन फोन पाहिला.

एकही मेसेज नव्हता.

ऐकण्यात चूक झाली असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं. सोमवारी पुन्हा तेच. टिंग. मग कडीचा बारीक आवाज. मग काहीच नाही. आणि उठून पाहावं तर फोन कोरा.

आता मात्र तिला ते सोडून देता येईना. कारण तो नंबर साधा नव्हता. तिच्या लेकीच्या, रिद्धीच्या मेडिकलच्या फॉर्मवर तोच दिलेला होता. डॉक्टरकीचा प्रवेश अर्ज, कागदपत्रं, कॉलेजांचा पसंतीक्रम, सगळं त्या नंबरच्या ओटीपीवर उघडायचं. रिद्धीचा स्वतःचा मोबाईल आजोबांच्या कपाटात कुलपात होता. चातुर्मास बसला त्या दिवशी मंचरच्या जैन स्थानकात महासतीजींसमोर, म्हणजे साध्वींसमोर, उभं राहून पोरीनं नियम घेतला होता, की ॲडमिशन होईपर्यंत मोबाईल हातात धरणार नाही. सगळ्या संघानं कौतुक केलं होतं. नियम घेतलेली पोर मोबाईलकडे ढुंकूनही बघत नव्हती, ते चेतना रोज डोळ्यांनी पाहत होती. म्हणजे घरातलं कुणी नाही. मग कोण?

पसंतीक्रमाची यादी मंगळवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती. एकदा लॉक केली की ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही, असं गोरख म्हणाला होता. गोरख म्हणजे बाजारपेठेतला कॉम्प्युटर सेंटरवाला. फॉर्म त्यानंच भरला होता, पासवर्डही त्यानंच घातला होता.

सोमवारी दुपारी चेतना त्याच्याकडे गेली. दुकानात दाखल्यांची गर्दी होती. तिनं हळू आवाजात सांगितलं, “गोरखभाऊ, रिद्धीची यादी एकदा दाखवा.”

“आत्ता? भाभी, परवाच तर बघून गेल्या तुमी.”

“तरी दाखवा.”

ओटीपी तिच्या मोबाईलवर आला, तिनं वाचून दाखवला. पडद्यावर यादी उघडली आणि गोरखच ताठ बसला. “आयला! ही एवढी कवा झाली?”

घरी सगळ्यांनी बसून ठरवलेली यादी नऊ कॉलेजांची होती. पुणे, मुंबई, फार तर सोलापूर. पडद्यावर एकोणीस होती. गोंदिया, नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, कधी नकाशातही न पाहिलेली गावं रांगेत उभी होती.

“हे कुणी घातलं?”

“मला काय इचारता? ओटीपी तुमच्या मोबाईलवर जातो. मी काय तुमच्या घरात येऊन बसतो व्हय?” तो हसला, पण ते हसू चेतनाला आवडलं नाही. याच्याकडे खासगी कॉलेजांचे एजंट येऊन बसतात, हे तिनं ऐकलं होतं. सरकारी यादीचा विचका झाला की आईबाप घाबरून एजंटाच्या दारात जातात. तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं, टेबलावरच्या फायलींकडे पाहिलं. काहीच कळेना.

गोरखला ती नजर समजली असावी. तो जरा पुढं झुकला. “भाभी, कुणाचं नाव घेऊ न्हाई, पन शनिवारी नवनाथ मास्तरांची यशोधरा आली व्हती. तिच्या फॉर्मचं काम व्हतं. रिद्धीच्या यादीची प्रिंट इथं पडली व्हती, ती लई वेळ वाचत बसली. मी म्हनलं, तुझी वाच की!”

नवनाथ मास्तर लोणीच्या शाळेत शिकवायचे आणि चेतनाच्या घरामागच्या गल्लीत राहायचे. यशोधरा रिद्धीची दोन वर्षांची सोबतीण. दोघींनी एका टेबलावर अभ्यास केला, एकाच दिवशी परीक्षा दिली. सकाळी सहाला ती मागच्या दारानं हाक मारायची आणि दोघी कालव्याच्या कडेनं फिरायला जायच्या. मागच्या दारानं. सहाला.

चेतनाच्या कानात ती कडी वाजली.

तिनं यादी परत नऊची करून घेतली, पासवर्ड स्वतःच्या बोटांनी बदलला आणि नवा पासवर्ड कागदावर लिहून भक्तामर स्तोत्राच्या पुस्तकात ठेवला. गोरखलाही तो टाकताना तोंड फिरवायला लावलं. “वाचत न्हाई, भाभी, वाचत न्हाई,” तो कंटाळून म्हणाला.

घरी तिनं अरिहंतला, म्हणजे नवऱ्याला, सगळं सांगितलं. भुसाराच्या दुकानातून तो जेवायला आला होता. सूर्यास्ताला अर्धा तास होता. तो घास हातात धरून म्हणाला, “गोंदिया? पोरगी चौविहार करते, सूर्य बुडाल्यावर पाणीसुद्धा घेत नाही. तिथल्या मेसमध्ये तिला साडेपाचला कोण वाढणार? मी त्या दिवशीच सांगितलं होतं, हा विषय नको.”

“पण घातलं कुणी?”

“ज्याला आपली पोरगी लांब गेलेली हवी आहे त्यानं.”

धापूबाई, म्हणजे सासूबाई, कोपऱ्यात पापड खात होत्या. त्यांनी तुकडा मोडता मोडता विचारलं, “ती मास्तराची पोर आपल्या फ्रिजपर्यंत कशाला येते?”

“पाणी प्यायला येते, बाई. दोन वर्षं येतेय.”

“दोन वर्षं पाणीच पिते का?”

चेतना पाण्याचा तांब्या भरायला उठली. पण तो प्रश्न तिनं उचलून आत ठेवला, हे तिचं तिलाच कळलं.

मंगळवारी सकाळी तिनं जे केलं ते लग्नानंतरच्या वीस वर्षांत कधी केलं नव्हतं. आसन पूर्वेला घालायचं, ते तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून घातलं. मधल्या खोलीतून फ्रिज आणि मागच्या दाराचा अर्धा भाग तिथून दिसत होता. मोबाईल तिनं पालथा, फ्रिजच्या कडेला समांतर ठेवला. मुहपत्ती बांधली, वाळूचं घड्याळ उलटं केलं, सामायिक सुरू करणारा ‘करेमि भंते’चा पाठ म्हटला. पाठ म्हणतानाही नजर दारावरच होती.

सहाला यशोधराची हाक आली, रिद्धी बाहेर पडली. दहा मिनिटं गेली. टिंग.

कडी सरकली. यशोधरा आत आली. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या, चवड्यांवर चालत होती. तिनं फोन उचलला, दाराबाहेर तोंड करून ओठांतल्या ओठांत आकडे म्हटले, अंगठ्यानं काहीतरी पुसलं आणि फोन होता तसा पालथा, कडेला समांतर ठेवला. जाताना तिची नजर मधल्या खोलीकडे गेली. आसनावर बसलेल्या चेतनाशी नजरानजर झाली आणि पोर जागीच थिजली. मग दारातून नाहीशी झाली.

घड्याळातली पाव वाळूसुद्धा खाली आली नव्हती.

सामायिक मधे मोडता येत नाही. ओरडता येत नाही, कुणावर रागावता येत नाही. सामायिकात मनाचे दहा दोष सांगितलेत, त्यात एक संशय. तो म्हणजे सामायिकाचं फळ मिळेल की नाही ही शंका, हे तिला पाठ होतं. पण आज तिच्या मनात फळबिळ काही नव्हतं, यशोधरा होती. ती पुसणारी सफाई. त्या बिनआवाजाच्या पावलांचा सराव. दोन वर्षांच्या प्रत्येक गोष्टीला आता दुसरा रंग चढू लागला: ही आपल्या पोरीच्या वह्या घरी का न्यायची? निकालाच्या दिवशी हिनं पहिल्यांदा रिद्धीचे मार्क का विचारले, स्वतःचे का नाही सांगितले? नवकार सुरू होई आणि तिसऱ्या ओळीला तुटे. वाळू इतकी सावकाश कधी पडली नव्हती.

पारल्याबरोबर ती मागच्या दाराशी गेली. ओट्यावर दोघीही बसल्या होत्या. फिरायला कुणी गेलंच नव्हतं. यशोधराच्या मांडीवर मास्तरांचा लॅपटॉप होता.

“आत या,” चेतना म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे, आजही चढला नाही. “यशोधरा, माझ्या फोनमधलं काय वाचलंस आणि काय पुसलंस?”

यशोधरानं रिद्धीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

काठी टेकत धापूबाई आल्या. “मी सांगत नव्हते? बोल की गं! तुला मिळणार नाही म्हणून हिचं बिघडवतेस?”

तेव्हा मात्र पोरीनं मान वर केली. “आजी, माझी कॅटेगरी वेगळी, तिची वेगळी. तिला मिळालं म्हणून माझं जात नाही, अन् माझं गेलं म्हणून तिला मिळत नाही. अन् बिघडवायचंच असतं तर दोन कॉलेजं काढली असती, दहा कशाला घालत बसले असते?”

“दादी, तिला काही बोलू नको,” रिद्धी म्हणाली. “मीच सांगितलं होतं.”

“तू?” चेतना लेकीकडे वळली. “तुझा तर नियम आहे.”

“म्हणूनच तर. मी मोबाईलला हात लावलेला नाही, मम्मी. एकदाही नाही. ती आत जाऊन ओटीपी वाचायची, मी लॅपटॉपवर टाकायचे. काल पासवर्ड बदलला होता, तर ‘विसरले’ म्हणून नवीन घेतला.”

म्हणजे नियमामुळे ज्या एका माणसावर तिला संशयच आला नव्हता, तेच हे माणूस. चेतनाला क्षणभर हसावं की रडावं कळेना. मग ती हळूच म्हणाली, “आणि पाप हिच्या हातून करून घेतलंस. करणं वेगळं आणि करवणं वेगळं असतं का गं? रोज प्रतिक्रमणात पापांची क्षमा मागताना काय म्हणतेस तू?”

रिद्धीचे डोळे भरले. यशोधरा गोंधळून एकीकडून दुसरीकडे बघत होती. “त्यानं हिला पाप लागतं? काकू, मला हे कुणी बोललंच नाही. मला वाटलं, नियम म्हणजे हात लावायचा नाही एवढंच.”

“घरात का नाही बोललीस?” चेतनानं लेकीला विचारलं.

“बोलले होते. गोंदिया म्हटल्यावर पप्पांनी ताट सरकवलं. तू गप्प बसलीस.”

ते खरं होतं.

रिद्धीनं लॅपटॉप पुढं ओढला. गेल्या वर्षी कुठल्या कॉलेजात शेवटचा प्रवेश किती मार्कांवर थांबला, त्याची यादी उघडी होती. “हे बघ. आपल्या नऊपैकी एकाही ठिकाणी माझे मार्क पोचत नाहीत. नऊचीच लॉक केली तर माझं नावच येणार नाही. गोंदियाला येऊ शकतं. नंदुरबारला येऊ शकतं.”

“हे आकडे गोरखनं दिले?”

“सरकारी साइटवरचे आहेत.”

चेतनाचा त्यावरही विश्वास बसला नाही. तिनं चष्मा लावला, पाट ओढला आणि एकेक कॉलेज स्वतः वाचलं. दोन वर्षांचे आकडे कागदावर मांडले, रिद्धीचे मार्क शेजारी लिहिले. दोन वेळा तिनं विचारलं, “ही ओळ नक्की आपल्याच गटाची?” आणि दोन्ही वेळा यशोधरानंच बोट ठेवून दाखवलं. दहा वाजले. धापूबाई चहाची वाट पाहून पडून राहिल्या. नऊच्या नऊ ओळींपुढं चेतनानं स्वतःच्या हातानं फुली मारली होती.

तिनं पेन खाली ठेवलं आणि यशोधरासमोर हात जोडले. “खमावते बाई तुला, क्षमा कर. मी तुला चोर म्हटलं.”

“कुठं म्हटलं, काकू? विचारलंत फक्त.”

“मनात म्हटलं. पाऊण तास म्हटलं.”

“मनातलं मला कुठं ऐकू आलं!” पोर हसली. पण मग चपला घालताना थांबली. “आजींनी मात्र मोठ्यानं म्हटलं.”

चेतनानं मागं वळून पाहिलं. धापूबाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्यांनी ऐकलं असणार.

दुपारी साडेतीनला ती रिद्धीला घेऊन गोरखकडे गेली. तो यादी बघून डोकं खाजवू लागला. “भाभी, काल एकोणीसच्या नऊ केल्या, आज नवाच्या एकोणीस! शेठनला माहिती हाय का?”

“तुम्ही घाला.”

“न्हाई, उद्या ते माझ्या अंगावर आले तर?”

“माझ्या नावावर सांगा.”

तिनं क्रम एकेक करून घालायला लावला, प्रत्येक नावापाशी पडद्याला नाक लावलं, प्रिंट काढायला लावली, ती पुन्हा घरच्या कागदाशी ताडून पाहिली. गोरख पुटपुटला, “लई संशयी हायेत राव.” तिनं ऐकलं आणि पुढचं नाव वाचलं. चार वाजून वीस मिनिटांनी तिनं लॉक करायला सांगितलं. रिद्धीनं श्वास सोडला.

ती दुकानाची पायरी उतरते आहे तोच अरिहंतचा फोन आला. मार्केट यार्डात असावा, मागं हमालांचा आरडाओरडा होता. “झालं का लॉक? नऊचीच ना?”

नऊच, एवढा एक शब्द म्हटला असता तर निकाल लागेपर्यंत घर शांत राहिलं असतं. रिद्धी तिच्या तोंडाकडे बघत होती.

“नऊची नाही,” चेतना म्हणाली. “एकोणीसची. मी केली, माझ्या हातानं. नऊमध्ये तिला कुठंच मिळत नव्हतं. आकडे मी स्वतः पाहिलेत, संध्याकाळी तुम्हीही पाहा.”

पलीकडे कुणीतरी पोती मोजत होतं. फोन कट झाला की काय म्हणून तिनं तो कानापासून दूर धरून पाहिला, चालू होता.

“गोंदियाला जायला गाडी कुठून असते?” त्यानं विचारलं.

आवाजावरून तो चिडला होता की काय, तिला काहीच ओळखता आलं नाही.