गुंडाळलेली चटई

जिन्याच्या खालच्या पायरीशी चटई गुंडाळून उभी केली होती, आणि तिच्या डोक्यावर उशी.

सुतान सिनारो शेतातून आला, पाटाच्या पाण्यात पाय धुतले, कुदळ भाताच्या कोठाराला टेकवली आणि जिन्याशी येऊन थबकला. चटई त्याचीच. तिचा लाल काठ त्याच्या बायकोने, नुरायाने, विणला होता. रंग संपला म्हणून एका कोपऱ्यात काळा. उशीवर त्याच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता. आपल्यालाच कुणी बांधून दारात ठेवल्यासारखं त्याला वाटलं.

काल नुराया गेल्याच्या शंभराव्या दिवसाचं जेवण झालं होतं. आज त्याची बहीण तियानुम त्याला न्यायला येणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. घर बायकांचं, शेत बायकांचं, आईकडून लेकीकडे वाहत जाणारं. नवरा संध्याकाळी येतो, सकाळी जातो, आणि बायको गेली की त्याची संध्याकाळच संपते. बहिणीच्या घरच्या खोल्या भाच्यांच्या आणि त्यांच्या नवऱ्यांच्या. त्याच्या वाट्याला मशिदीमागचं नमाजघर, जिथे तो पोरवयात निजायचा.

रीत त्याला का ठाऊक नव्हती? भाचीचा नवरा विधुर झाला तेव्हा बहिणीच्या घरचा मामा म्हणून त्यानेच सांगितलं होतं, "जावईबापू, तुमची माणसं न्यायला आलीत." तो पोरगा नुसता उंबऱ्याकडे बघत राहिला होता. काय बघत होता ते आज कळलं.

"यूस्ने," त्याने लेकीला हाक मारली. "ही कुणी बांधली?"

यूस्नी जिन्यावर आली. डोळे सुजलेले. "मामांनी सांगितलं, आबा. म्हणाले, आत्या यायच्या आत तयार असू दे. पण आधी तुम्हाला वर बोलावलंय."

वर लांब दालनात नुरायाचा भाऊ बसला होता. तो कुळाचा प्रमुख. सगळे त्याला दातुक म्हणत. करवंटीत कॉफीच्या पानांचा काढा वाफाळत होता.

"या दाजी, बसा," दातुक म्हणाला. "चटई बघून दचकलात ना? अहो, ती आपली तयारी म्हणून. आमच्या मनात तुम्हाला जाऊ द्यायचं नाही. जुनी चटई उचलू, नवी अंथरू."

नवी चटई म्हणजे काय ते लहान पोरंही जाणत. गेलेल्या बायकोच्या जागी तिची बहीण.

"कुणाशी?" त्याने विचारलं. त्या घरात नुरायाची एकच बहीण होती, तरी विचारलं.

चुलीकडचा खवणीचा आवाज थांबला. अर्धा नारळ हातात धरून तीच, सानियाह, दारात उभी राहिली. तिचा नवरा बंदराकडे गेला तो तिकडूनच काडीमोड धाडून मोकळा झाला होता, त्याला युगं लोटली.

"दादा! मी काय म्हैस आहे, या खुंट्याची सोडून त्या खुंट्याला बांधायला?"

"तू आत जा गं. पुरुषांचं बोलणं चाललंय."

"कुणाच्या घरात चाललंय?" मग ती सुतानकडे वळली. "आणि भाऊजी, तुम्ही काय आ वासून बसलात? माशी जाईल."

"मला काही माहीत नव्हतं, सानियाह. शपथ!"

"या घरात आल्यापासून तुम्हाला कधी काय माहीत होतं?"

तिचं चुकत नव्हतं. त्याच्या खोकण्यापासून त्याच्या साखरेपर्यंत ती भांडत आली होती, आणि तोही तिच्या रस्स्यातल्या मिरचीला नावं ठेवत आला होता. मध्ये नुराया हसत बसायची.

दातुकने आवाज खाली आणला. "जरा डोकं चालव, सानियाह. शिंगालांग डोंगरावरची दालचिनी बघ. जमीन आपली, पण झाडं दाजींनी लावलेली. म्हणजे निम्मी त्यांची. हे आज खाली उतरले की उद्या यांच्या बहिणीकडचे कुऱ्हाडी घेऊन येतील. साल काढायची तर झाड आडवं करावंच लागतं. यूस्नीला काय उरेल? बुंधे?"

सुतान गार पडला. नवी चटई म्हटल्यावर तो हबकला होता खरा. पण त्या हबकण्याच्या तळाशी कुठेतरी एक ऊब होती, की या घराला आपण हवे आहोत. आता कळलं, घर झाडं मोजत होतं.

ती झाडं लावली तेव्हा यूस्नी पोटात होती. तो खड्डे खणायचा, नुराया डोक्यावरच्या टोपलीतून रोपं आणायची आणि चढ चढता चढता गुणगुणायची,

लाल कोवळी पालवी, वारा शिंगालांगावरून,
आला तेव्हा पाहुणा, जाऊ नये घरामधून.

तो उठला.

"दातुक, ऐका. यूस्ने, तूही ऐक. झाडं यूस्नीची. माझी निम्मीसुद्धा. दिली. कुणाची कुऱ्हाड येणार नाही."

"आबा!" यूस्नी मटकन खालीच बसली.

दातुकचा चेहरा सैलावला. "अल्हम्दुलिल्लाह! मन मोठं तुमचं, दाजी." त्याने काढ्याचा एक लांब घोट घेतला, ओठ पुसले. "तियानुमआक्का यायच्याच असतील ना आता?"

सुतानला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण दातुक खिडकीतून वाटेकडेच बघत होता.

"दादा," सानियाह म्हणाली, "आणि नवी चटई?"

"आता कशाला? दाजींवर जबरदस्ती नको."

खालून हाक आली, "जालिऽल!"

या घरात त्याला कुणीच त्या नावाने ओळखत नव्हतं. ते पोरपणीचं नाव. लग्नात मिळालेली पदवी तेवढी इथे चाले. सुतान सिनारो जिना उतरू लागला तो जणू पायरीपायरीने लहान होत. खाली तियानुम डोक्यावर पानाने झाकलेलं ताट घेऊन उभी होती. त्याने चटईला हात घातला.

"ठेवा ती," वरून सानियाह म्हणाली.

तो थांबला.

"मी विचारतेय. मुलीकडच्यांनीच विचारायचं असतं ना? मग विचारते. झाडांशिवाय."

सुतानने वर पाहिलं. "तू? मला? तुला माझं खोकणंसुद्धा सोसत नाही!"

"नाहीच सोसत." तिच्या हातात अजून तो अर्धा नारळ होता. "पण ताई गेल्यापासून मी एकटीच भांडतेय, भांड्यांशी. परवा मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. तुम्ही मान खाली घालून सगळी खाल्लीत. एक शब्द नाही. चुलीशी बसून मी रडले."

"सानियाह! लोक काय म्हणतील?" दातुक खिडकीतून ओरडला.

"मघाशी लोक कुठे गेले होते, दादा?"

तियानुमने ताट खाली ठेवलं. "अगं, मला कुणी सांगाल का, मी याला न्यायला आलेय की इथेच ठेवायला?"

"न्या, आक्का. रीत आहे. इथून गेल्याशिवाय यांना इथे आणणार कसं? नवरदेव त्याच्या आईच्या घरूनच आणतात."

"कधी?" सुतानच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याचे कान तापले.

"भात कापून होऊ दे. नवी विणायला वेळ लागतो." ती चार पायऱ्या उतरली आणि त्याच्या हातातून चटई काढून घेतली. काळ्या कोपऱ्यावरून तिचा अंगठा फिरला. "ही राहू दे. ही ताईची आहे. उशी न्या."

उशी काखेत मारून तो बहिणीमागे निघाला. बांधावरून, बांबूच्या सावलीतून. डोंगरावर दालचिनीला लाल पालवी फुटली होती. मागे खवणी पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा जोरात.

वळणावर तो एकदम उभा राहिला.

"आक्का, मी तिला हो म्हणालो का गं?"

"कधी, असं विचारलंस की," तियानुम म्हणाली. "आता तोंड मीट, जालिल. माशी जाईल."